चार बोटं रिकामी

मला सरळ उत्तर देता येत नाही. कुणी काही विचारलं की आधी थट्टा सुचते. टपाल कचेरीतली माणसं हसून सोडून द्यायची, पण माय माझ्याच घरात राहायची. तिला कुठली सुटका?

बीदरला मला क्वार्टर मिळालं आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदा घरातला नळ आला. गावी मायनं विहिरीपासून लांब घागर घेऊन उभं राहण्यात वय घालवलं होतं. वरच्या जातीतल्या माणसांच्या मनात आलं तर ते वरून ओतायचे, आणि ओतलं तरी घागर काठापर्यंत कधी भरायची नाही. त्यामुळं नळ आल्यावर ती भांड्यांवर तुटूनच पडली. घागर, कळशी, तांब्या, लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा काठोकाठ. अर्धं भांडं दिसलं की तिच्या जिवाला चैन पडायचं नाही.

एका लग्नाला हैदराबादला गेले होते, तिथून मी काचेची पेटी आणि निळ्या गुरामी माशांची जोडी आणली. बसमध्ये माशांचा डबा मांडीवर धरून बसले होते. आमच्याकडं विजेचा भरवसा नाही म्हटल्यावर दुकानदारानंच हा मासा सुचवला होता. याला पंप लागत नाही, हा वर येऊन तोंडानं हवा घेतो. मात्र पाण्यावर चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि वर काच झाका, नाहीतर उडी मारतो, असं त्यानं बजावलं होतं.

मायला मासे भलतेच आवडले. त्यांच्या छातीखाली दोन लांब धागे असतात, त्यांनी ते वाटेतलं सगळं चाचपत जातात. "म्हातारीवानी हात लावून लावून चालायलाय बघ," असं म्हणून ती हसायची. पुढं नरानं पाण्यावर बुडबुड्यांचा फेस जमवायला घेतला. त्यात अंडी ठेवतात, असं मी सांगितल्यावर ती पेटीसमोरच भाजी निवडायला बसू लागली.

फक्त ती रिकामी चार बोटं तिला सलायची.

"अर्धीच कामून ठेवलीस गं? नळ हाय की घरात. पाण्यातल्या जिवाला पाण्याचीच काटकसर?"

"माय, हा मासा पाण्यात बुडून मरतो."

"थट्टा करायलीस व्हय माझी?"

"व्हय," मी म्हणाले आणि कचेरीत निघून गेले.

त्यानंतर प्रशिक्षणासाठी मला गुलबर्ग्याला जावं लागलं. परत आले तेव्हा पेटी काचेच्या झाकणापर्यंत भरलेली होती. झाकण पुसून नीट बसवलेलं. दोन्ही मासे वर काचेला तोंड लावून तसेच मेले होते. फेसाचं घरटं कुठंच नव्हतं.

माय भिंतीशी बसली होती. "पिण्याचं पाणी घातलं गं मी. फडक्यानं गाळून."

"माय, तुझी चूक न्हाई. मीच व्हय म्हणले ना तुला."

"तू तर आधी सांगितलं होतंस. मलाच कळलं न्हाई."

मी किती वेळा बोलले, पण तिनं ते मनावर घेतलंच नाही. रविवारी विहारात वंदना सुरू झाली आणि जीवहिंसा न करण्याच्या पहिल्याच शीलाला तिचा आवाज थांबला. परतताना मी तिला हसवायला म्हणाले, "बाजारातले मासे तर खातोच की आपण." ती म्हणाली, "ते मी पाळले नव्हते." त्यानंतर मात्र मला थट्टा सुचेना. लाज वाटली मला माझ्या जिभेची.

पेटी मी कुणाला तरी देऊन टाकली. काही दिवसांनी पाणी घ्यायला गेले तर घागर काठाशी थोडी रिकामी दिसली. कळशीही. नळाला पाणी कमी आलं असेल असं आधी वाटलं. मग एकदा मीच पाहिलं. घागर भरत आली की माय वर चार बोटं आडवी धरायची आणि नळ बंद करायची.

"माय, भर की काठापर्यंत."

"असू दे. काय सांगावं."

ती गेली तोपर्यंत तसंच चाललं. नळ घरात होता, पाणी होतं, आणि तरी माझ्या मायची घागर पुन्हा तिथंच येऊन थांबली, जिथं वरची माणसं ओतायचं थांबवायची.