फुलांच्या चौकटीतला सर

माझ्या नातीच्या वर्गशिक्षकाइतका हुशार गाढव अख्ख्या वर्सोव्यात दुसरा झाला नाही. आमच्याच गल्लीत भाड्याने राहायचा. बाजारात माझ्या टोपलीतले सुके बोंबील हातात घेऊन विचारायचा, "मावशी, ताजे आहेत ना?" मी म्हणायचे, "आत्ताच वारले, रडून घे." मी सगळ्यांनाच अरे-तुरे करते, शिकलेल्यांना जरा जास्तच. डोक्यावर विग, आणि त्याला वाटायचं कोणाला कळत नाही. खाडीपलीकडे मढला जायच्या होडीत वारा सुटला की एका हाताने डोकं धरून बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "विचार करतोय." दुसरं वेड मोबाइलवर फुलांच्या चौकटी करायचं. वाढदिवस असो, निकाल असो, चारी बाजूंनी गुलाब. "उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवा" हेसुद्धा त्याने गुलाबात बसवून, वर उगवता सूर्य लावून पाठवलं होतं.

तर आठवीतल्या पोरांनी माझ्या नातीचं तोंड बोंबलाच्या धडावर चिकटवलं आणि तो स्टिकर वर्गाच्या ग्रुपवर फिरवला. घरात मासळीचा धंदा, डब्याला वास येतो, एवढाच तिचा गुन्हा. पोरगी शाळेत जाईना. "आजी, मी तुझ्यासोबत बाजारातच बसते." मी चौथीत शाळा सोडून बाजारात बसलेली बाई, मला तिचं बसणं नको होतं. सरकडे गेले, म्हटलं, "तुझ्या वर्गाची घाण आहे, तूच काढ."

त्याने काय करावं? नातीचा फोटो फुलांच्या चौकटीत घातला, खाली समई, जोडलेले हात, आणि लिहिलं, "आपल्या मैत्रिणीचा आदर करा." चहा निवायच्या आत पोरांची उत्तरं आली : भावपूर्ण श्रद्धांजली. एका पोराच्या आईने तर खरंच फोन करून विचारलं, "कधी झालं हो?"

मी त्याच्या दारात उभी राहून ओरडले, "जिवंत पोरीला हार घातलास! अक्कल विगाखाली गुदमरली काय रे तुझी?" सगळ्या गल्लीने ऐकलं. त्याने डोक्याला हात लावला. वारा नव्हता.

संध्याकाळी ग्रुपवर त्याचाच फोटो आला. तीच फुलं, तीच समई, आणि विग गायब. टक्कल पापलेटासारखं तुकतुकीत. खाली लिहिलेलं : "तिच्यावर हसून झालं असेल तर आता माझ्यावर हसा. उद्या वर्गात असाच येतोय. स्टिकर ज्याने केला त्याने मला एकट्याला भेटावं. बाकीच्यांनी तो पुढे का पाठवला, तेही मला ऐकायचंय."

नात फिस्सकन हसली. मग म्हणाली, "आजी, उद्या सर एकटेच पडतील गं." आणि दप्तर भरायला लागली.

तो खरंच तसा गेला. पोरं हसली, त्याने हसू दिलं. मग एकेकाला शेजारी बसवून बोलला. स्टिकर करणाऱ्याच्या घरीही गेला, आणि बाप पोराला मारेल म्हणून त्याचा राग उतरेपर्यंत तिथून हलला नाही. नातीला पुन्हा कोणी बोंबील म्हटलंच नाही असं नाही, पण आता म्हटलं की वर्गातल्या दोघी-तिघी अंगावर जातात.

निवृत्त होऊन तो मुलीकडे बदलापूरला गेला. विग परत चढवलाय, गाढव. रोज सकाळी मला गुलाबातलं सुप्रभात धाडतो. मी शिव्या घालते, आणि आलं नाही तर दुपारपर्यंत फोन उघडून बघते. आमच्यात आधी नंबर माझाच लागणार. त्या दिवशी माझ्या फोटोला फुलं आणि समई त्यानेच लावावी. एवढा सराव दुसऱ्या कोणाला आहे?