बांधावरची शेवटची सशीण

एझ्रा गॅरड आपल्या बांधावर चढायचा तो वारा तोंडावर घेऊन. बुटांवर गोणपाट गुंडाळलेलं, खिशातली नाणीसुद्धा घरी काढून ठेवलेली. बांधावर बोलायचं नाही, खोकायचं नाही. जाळीची खुंटी ठोकायची नाही, अंगठ्यानं दाबून वाळूत बसवायची. वर पाऊल जड पडलं की खाली ससा कान टवकारतो, आणि एकदा त्यानं कान टवकारले की तो बिळात मरेल पण बाहेर येणार नाही, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं आणि बापाला आजोबानं. थॉर्नी हीथच्या त्या माळावरच्या वाळूत गॅरड घराण्यानं दुसरं काही पिकवलंच नव्हतं म्हणा ना. जमीन तीन एकर, त्यात गूजबेरीची झुडपं, बटाटे, कोबी, आणि उत्तरेच्या कडेनं हा लांबलचक बांध, बिळांनी चाळण झालेला.

बिळांच्या तोंडांवर थैलीसारखी जाळी पसरून झाली की एझ्रा काखेतल्या लाकडी पेटीतून क्वीनीला काढायचा. क्वीनी म्हणजे त्याची फेरेट. मुंगसाच्या अंगलटीची, सायीच्या रंगाची, डोळे लाल मण्यांसारखे. ती बिळात शिरायची आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. मग पायाखाली धपधप व्हायची, आणि एखाद्या तोंडातून ससा सुसाट येऊन जाळीत गुरफटायचा. एझ्राचा एक हात त्याच्या मानेवर, एक मागच्या पायांवर. संपलं. शेजारच्या कुंपणापलीकडे चरणाऱ्या घोड्या मानसुद्धा वर करायच्या नाहीत.

पण जाळीत आलेली प्रत्येक मादी तो आधी उलटी करून बघायचा. पोटावरची लव उपटलेली असली, आचळं भरलेली असली, म्हणजे कुठंतरी हिची पिल्लं आहेत. तिला तो जाळीतून सोडवायचा, तोंड बांधाकडे करून खाली ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. याला गॅरडांच्या घरात ‘बी ठेवणं’ म्हणत. बी ठेवलं नाही तर पुढच्या हिवाळ्यात खायचं काय आणि विकायचं काय? एझ्राला हे कुणी सांगावं लागत नव्हतं. चाळीसएक वर्षांत ते त्याच्या हातांतच उतरलं होतं.

त्या वर्षी आंधळा रोग आला. पेपरात त्याचं नाव भलतंच लांब होतं; थॉर्नी हीथवर सगळे आंधळा रोगच म्हणत. आदल्या शरदात तो दक्षिणेकडं होता, हिवाळ्यात नदीच्या पलीकडं आला. एझ्रा एकदा पलीकडच्या माळावर गेला होता, तेव्हा त्यानं पाहिलं. डोळे सुजून मिटलेले, डोकं फुगून भोपळ्याएवढं, असे ससे भर दुपारी रस्त्यात बसलेले. त्याच्या बुटांना येऊन धडकत होते आणि पळत नव्हते. जन्मभर ज्यांच्या कानांपासून तो लपला, ते कान त्याच्या पायांशी नुसते पडून होते. काठीनं तो मारत गेला, हात भरून येईपर्यंत. घरी आला तेव्हा डॉर्कसनं सशाचा रस्सा वाढला होता. त्यानं ताटली पुढं सरकवली.

“आजारी आहेस का?” डॉर्कसनं विचारलं.

“नाही. भूक नाही.”

“मांस रेशनवर आहे आणि याला भूक नाही,” ती म्हणाली, पण ताटली उचलली.

मार्च सरता सरता लेन पेटिट कुंपणापाशी आला. बांधापलीकडची सगळी जमीन त्याची, घोड्याही त्याच्याच. बाप गेल्यावर शेती त्याच्याकडं आली होती. लहानपणी हाच लेन डॉर्कसच्या स्वयंपाकघरात बसून सशाचं मांस भरून भाजलेली पाई खायचा आणि पाव मागून मागून ताटली पुसायचा.

“एझ्रा, माझा जव बघितलात? बांधापासून वीस पावलांपर्यंत नांगरल्यासारखा दिसतोय.”

“बघितला, मालक.”

“बंदूक मी चालवू देणार नाही. घोड्या गाभण आहेत. विषारी धूरही नको, त्या तिथंच चरतात.”

“मी कधी बंदूक मागितली? मी क्वीनी घालतो. तुमच्या घोड्यांना पत्ताही लागत नाही.”

“तुम्ही क्वीनी घालता आणि निम्मे मागं ठेवता!” लेन हसला, पण हसू लगेच आवरलं. “माझे वडील म्हणायचे, गॅरड ससे पकडत नाही, पाळतो. बघा एझ्रा, स्पष्टच सांगतो. माझा राखणदार कर्सी नदीपलीकडून आजारी ससा आणून देतो पोत्यातून. एक पुरतो सगळ्यांना. ईस्टरच्या दिवशी मी हा बांध चालत बघणार. एक जरी ससा राहिलेला दिसला, तर माझ्या बाजूच्या बिळात पोतं मोकळं करणार.”

खालचा ओठ दातांखाली घेऊन एझ्रा बांधाकडं बघत राहिला.

“माझ्यावर रागावू नका,” लेन म्हणाला.

“रागवायचं काय त्यात? तुम्ही माळावर जाऊन बघितलंत का, मालक? ते कसे बसतात?”

“नाही.”

“मग एकदा जाऊन या.”

लेन गेला नाही. एझ्राला ते ठाऊकच होतं.

घरी त्यानं डॉर्कसला सांगितलं. तिनं कणीक मळणं थांबवलं नाही.

“मग काढ की सगळे.”

“मार्चनंतर कुणी फेरेट घालतं का? बिळात पिल्लं असतात. क्वीनी पिल्लं खाऊन आतच झोपायची.”

“मग खणून काढ तिला. पण एक सांग, काढल्यावर पुढच्या वर्षी काय?”

“पुढच्या वर्षी काही नाही.”

आता तिचे हात थांबले. लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षापासून हिवाळा म्हणजे खुंटीवर टांगलेले ससे, हेच तिनं पाहिलं होतं. “काही नाही म्हणजे?”

“म्हणजे बी पण ठेवायचं नाही. एक जरी राहिली तरी तो पोतं सोडतो. आणि मग आपल्या दारात ते आंधळे बसतील, डॉर्कस. मला काठी घेऊन आपल्याच बांधावर फिरावं लागेल.”

मग त्यानं ते काम केलं. हंगाम संपल्यावर जाळी धुऊन छपराखाली टांगायची रीत होती; ती त्यानं पुन्हा उतरवली. रोज सकाळी दव असतानाच तो बांधावर असायचा. नर मारले, माद्या मारल्या, आचळं भरलेल्याही मारल्या. त्यांना उलटं करून बघणं त्यानं सोडून दिलं. क्वीनी दोनदा आत राहिली. दोन्ही वेळा त्यानं बांधाला कान लावला, फावड्यानं कमरेएवढा खड्डा केला आणि पोट फुगून झोपलेल्या तिला मानेला धरून बाहेर ओढलं. रिकामं झालेलं प्रत्येक बीळ तो मातीनं बुजवून तुडवत होता, आणि बूट आपटायचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटत होता.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पूर्वेच्या टोकाला एकच जागा उरली. ऊन चांगलं पडलं होतं. डॉर्कस दोरीवर चादरी वाळत घालत होती. क्वीनी आत गेली, धपधप झाली, आणि जाळी गच्च भरली. मोठी मादी होती. एझ्रानं तिला उचललं, जाळीतून सोडवलं, उलटी केली. पोट उघडं, आचळं टचटचीत. त्यानं तिला तोंड बांधाकडे करून खाली ठेवलं आणि हात काढून घेतला.

ती गेली. बांधावरून गूजबेरीच्या झुडपांत शेपटीचा पांढरा ठिपका दिसला, आणि तोही गेला.

एझ्रा तसाच वाकून उभा होता. हात अजून तिच्या आकाराचे होते.

“एझ्रा!” डॉर्कस दोरीपाशीच ओरडली. “अरे, सोडलीस की काय तिला?”

“सोडली.”

“मुद्दाम?”

“नाही गं.” तो मटकन खाली बसला. “हातांनी सोडली.”

ती चिमटे घेऊन तशीच आली आणि त्याच्या शेजारी बसली. मग ती हळूच म्हणाली, “एवढ्या मोठ्या बांधावर एक सशीण. लेनला काय दिसणार आहे? त्याला स्वतःची टोपी शोधून द्यावी लागते. राहू दे तिला, म्हाताऱ्या. बी राहील.”

हे त्याच्याही मनात आलंच होतं. तिच्या आधी आलं होतं. त्यानं मान खाली घातली.

“लेनला नाही दिसणार, पण कर्सीला ताजी लेंडी लांबून कळते. आणि पोतं सुटलं तर तिलाच आधी धरणार तो रोग. तिला आणि तिच्या पिल्लांना.”

“मग?”

“मग काय. माझ्या हातानं गेली, माझ्याच हातात यायला पाहिजे.”

लेकुरवाळी सशीण बहुतेक वेळा पिल्लांना मोठ्या बिळात ठेवत नाही. बाजूला हातभर खोल बीळ खणते, आणि दूध पाजून झालं की तोंड मातीनं लिंपून जाते. अनोळखी माणसाला तिथं नुसती जमीन दिसते. एझ्रा गूजबेरीच्या ओळींतून गुडघ्यांवर रांगत गेला. काट्यांनी हात ओरबाडले. तिसऱ्या ओळीत त्याला थोडी दाबलेली वाळू दिसली, आणि तिच्यात अडकलेली पोटाची राखाडी लव.

दिवस कलताना तो झुडपाआड पालथा पडून राहिला. ती आली. थांबली, कान फिरवले, पुन्हा थांबली. त्यानं श्वास कोंडून धरला होता. मग पुढच्या पायांनी तिनं वाळू उकरली आणि आत गेली. एझ्रा मांजरासारखा पुढं सरकला, तोंडावर जाळी पसरली, खुंटी अंगठ्यानं दाबली. वाट पाहिली. दूध पाजून होईल एवढा वेळ त्यानं वाट पाहिली. मग उठून टाच जमिनीवर आपटली; त्या उथळ बिळात लपायला जागा नव्हती, ती थेट जाळीत आली.

या वेळी त्यानं पोटाकडे पाहिलं नाही.

नंतर बाही वर सारून त्यानं खांद्यापर्यंत हात त्या बिळात घातला. आतलं ऊबदार होतं. पिल्लांचं काय केलं ते त्यानं डॉर्कसला सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. पंपावर तो खूप वेळ हात धूत होता. तिनं दांडा मारायचं थांबवलं तरी हात नळीखालीच होते.

अंधार पडण्याआधी त्यानं बुजवायच्या राहिलेल्या प्रत्येक तोंडाशी वाळक्या काड्या उभ्या रोवल्या. आत-बाहेर काही गेलं तर काडी पडते.

ईस्टरला प्रार्थना आटोपून लेन पेटिट चांगल्या कपड्यांत आला. हातात पोतं होतं. बरोबर कर्सी होता. दोघं बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. कर्सीनं लेंड्या बोटांत चुरून पाहिल्या. सगळ्या वाळलेल्या. काड्या सगळ्या उभ्या.

“एकही नाही,” कर्सी म्हणाला, आणि टोपी मागं सारून एझ्राकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. “सगळा साफ केलास, गॅरड?”

“साफ केला.”

“बापरे.”

लेन खूश होता. “मी म्हटलंच होतं, तुम्ही मनावर घेतलंत तर होतं. आणि काही आवाज नाही, गडबड नाही. एझ्रा, तळ्याकाठच्या माझ्या झाडीतही...”

पोतं हललं. लेननं ते अंगापासून लांब धरलं. आत काय आहे ते त्यानं पाहिलेलं नव्हतं, हे एझ्राला त्याच्या धरण्यावरूनच कळलं.

“आता याचं काय करायचं?” त्यानं कर्सीला विचारलं.

“ओढ्यात सोडून देऊ.”

“इकडं आणा,” एझ्रा म्हणाला.

पोतं न उघडताच त्यानं वरून चाचपलं, मान सापडली, आणि एक झटका दिला. मग ते पोतं अंगणात नेऊन त्यावर रॉकेल ओतलं आणि पेटवलं, कारण पिसवांवाटे तो रोग पसरतो असं ऐकलं होतं. लेन कुंपणापाशी उभा राहून बघत होता.

“घरात येतोस का?” डॉर्कसनं दारातून त्याला विचारलं. “पाई केलीय. बटाट्याची.”

“नको, नको. घरी सगळे वाट बघताहेत,” लेन म्हणाला आणि गेला.

त्या उन्हाळ्यात रोग नदी ओलांडून आला. तळ्याकाठची झाडी, चर्चमागचा माळ, सगळीकडं ते आंधळे बसले. एझ्राच्या बांधावर कुणी बसलं नाही. बसायला कुणी नव्हतंच. जव कडेपर्यंत उंच आला. आणि बांधावर गवत वाढलं. त्या बांधावर आजवर कुणी गुडघ्याएवढं गवत पाहिलं नव्हतं. सशांनी ते कायम गालिच्यासारखं खुरटं ठेवलेलं. आता त्यात काटेरी झुडपं आली, बुजवलेल्या बिळांच्या खुणा झाकल्या गेल्या, बांधाचा आकारच जाऊ लागला.

जुलैत एका सकाळी एझ्रा विळा घेऊन वर चढला. बुटांवर गोणपाट होतं. डॉर्कसनं खालून हाक मारली, “कुणासाठी कापतोयस रे ते? गाय आहे का आपल्याकडं?”

गवताची मूठ धरायची, मुळाशी विळा लावायचा, पुढं सरकायचं. दुपारपर्यंत त्यानं पूर्वेचं टोक बोटभर उंचीवर आणलं, पूर्वी असायचं तसं. मग पाठ सरळ केली, आणि जेवायला खाली न जाता पुढच्या तुकड्याकडं वळला.