लिनक्सवर पप्पांचा आवाज

पप्पा गेल्यावर काही वर्षांनी आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, मला ह्यांचा आवाजच आठवेनासा झालाय." अगदी साधेपणाने म्हणाली.

पप्पा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथली जपून वागायची सवय घरीही उतरली होती; फोनवर 'हो', 'बरं', 'ठेव' एवढ्यात कारभार आटपायचा. मोकळा आवाज निघायचा तो फक्त क्वार्टर्समागच्या बुद्धविहारात, वंदना सांगताना. ते एक ओळ म्हणायचे, मग ती सगळ्यांनी म्हणायची. मागे बसलेल्या आजीबाईंची ओळ पुरी झाल्याशिवाय पुढची घ्यायचे नाहीत. भुकेने कावलेल्या आम्हा पोरांना त्याचा फार राग यायचा.

तो आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता, ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत; तिथली वंदना त्यांनीच सांगितली होती. कॅसेटवरून उतरवलेली ती फाइल माझ्या जुन्या लॅपटॉपवर होती, आणि त्यावर मी मोठ्या तोऱ्यात विंडोज काढून लिनक्स चढवलं होतं. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरशीच झगडते, म्हणून आईला म्हटलं, "दोन मिनिटं दे."

त्या दोन मिनिटांत रविवारची सकाळ गेली. आधी फाइल उघडेचना. कोडेक नाही म्हणे. म्हणजे दाबून बसवलेलं चित्र आणि आवाज उलगडणारा छोटा प्रोग्रॅम. तो शोधून टाकला आणि चित्र आलं. मांडवात, पांढऱ्या शर्टातले पप्पा माइकसमोर उभे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. व्हॉल्यूम पूर्ण वर केला, सेटिंग्ज चाळली. सगळं व्यवस्थित चालू आहे, ऐकू येत नसेल तर तो तुमचा प्रश्न, अशा पुणेरी थाटात लॅपटॉप मख्ख बसला होता. त्यात स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. मी त्याच्यावरही चिडले आणि वंदना परत सुरुवातीपासून लावली.

मिक्सर थांबला. आणि आईचा आवाज आला. ती त्रिशरण म्हणत होती. स्वयंपाकाच्या वेळी ती कधी वंदना करत नाही, म्हणून उठून दाराशी गेले.

फ्रिजवर तिचा छोटा ब्लूटूथ स्पीकर होता. भीमगीतं ऐकायला मीच तो सकाळी लॅपटॉपला जोडून दिला होता आणि साफ विसरले होते. पप्पांचा आवाज मघापासून तिकडे जात होता.

जवळून किती भरदार होता तो! दोन ओळींमधला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. फाइलच्या आकड्यांत एका माणसाचा श्वास इतकी वर्षं कसा टिकला, हे याच धंद्यातल्या मला कळेना.

माइक फक्त पप्पांसमोर होता. मांडवातल्या माणसांचं म्हणणं टेपवर जवळजवळ आलंच नव्हतं. पप्पांची ओळ संपली की नुसती शांतता. त्या शांततेत आई तीच ओळ म्हणत होती. हात जोडलेले, बोटांना चटणी, डोळ्यांना धार. रडण्याने तिचा शब्द मध्येच अडला. मला वाटलं, आता ही मागे पडणार.

नाही पडली. तिची ओळ पुरी झाली, मगच पप्पांनी पुढची घेतली.