डाव्या कुशीवरून दिसेल असा टीव्ही

तिच्या दहाही नखांच्या कडा निळ्या होत्या. साबणाने जात नसत, दगडाने घासून जात नसत, आणि चाळीस वर्षांनंतर त्या जाव्यात असं तिलाही वाटत नव्हतं. गल्लीतली माणसं तिला निळी मावशी म्हणत, थोरला भाऊ नुसतं ‘निळे’ म्हणून हाक मारी. ती कापड रंगवायची. विटलेले पडदे, शाळेचे गणवेश, खानावळीतली टेबलावरची कापडं, जे येईल ते मागच्या खोलीतल्या तीन पिंपांत बुडे आणि अंगावर नवं तेज घेऊन बाहेर येई.

तिचा एकच नियम होता. रंग जिथे राहणार, तिथल्या उजेडात तो बघायचा. गिऱ्हाईक नमुन्यावर बोट ठेवून ‘हाच’ म्हणालं तरी ती हलत नसे. कुठल्या खोलीत लावणार, खिडकी कुणीकडे, दिवा पिवळा की पांढरा, सगळं विचारी. एका शाळामास्तरांना तिने पडद्याचा तुकडा हातात देऊन दोनदा घरी पिटाळलं होतं. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, “मावशी, मला पडदा करायचाय, लग्न नाही.”

“लग्न अंधारातही निभतं,” ती म्हणाली, “पडदा नाही निभत.”

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी सासरी चार गल्ल्यांवर राहत होती. घरात ती आणि भाऊ. त्याने लग्न केलंच नाही. तो फुटबॉलचा पंच होता, आणि तीस वर्षं मैदानावर कुणाचा भाऊ, कुणाचा काका, कुणाचा मित्र झाला नाही. शिट्टी वाजली की वाजली. दोन वर्षांपूर्वी गोलाची जाळी बांधायला तो शिडीवर चढला, शिडी सरकली, आणि कंबरेचा मणका गेला. तेव्हापासून तो पुढच्या अरुंद खोलीत पलंगावर होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसभर डाव्या कुशीवरच झोपायचं. मैदान गेलं, पण शिट्टी उशाशी राहिली. टीव्हीवर सामना लागला की तो पडल्या पडल्या निकाल देई. पडद्यावरचा पंच चुकला की त्याच्या आधी याची शिट्टी वाजे, आणि मागच्या खोलीत पिंप ढवळणारी बहीण ओरडे, “कुणाला बाहेर काढलंस?”

तो डबा टीव्ही उन्हाळ्याच्या तोंडावर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि झाकण परत लावलं. त्यातच सगळं आलं.

आठवडाभराने मोठी स्पर्धा सुरू होणार होती. जावई कामाचा माणूस. एका रविवारी तो स्वतःच्या घरचा एलसीडी टीव्ही चादरीत गुंडाळून घेऊन आला. “मामांना बघू दे तर खरं. आवडला तर असाच आणू.”

टीव्हीला त्या खोलीत जागा एकच होती. पलंगासमोर दार. म्हणून टीव्ही दाराच्या पलीकडे, पायगतीच्या कोपऱ्यात, कपाटावर. उशीवरून तो तिरपा दिसे, आणि उंच. पलंगाकडे वळवावा तर दार उघडताना फळी त्यावर आदळे. पलंग फिरवावा तर डाव्या कुशीवर भिंत येई.

जावयाने कुठला तरी सामना लावला. स्वतः खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसला. “काय गवत आहे! पान न् पान मोजून घ्या.”

भाऊ बराच वेळ बघत होता. डोळे बारीक केले, मान उचलली, परत टेकली. शिट्टीला हात लावला नाही. मध्यंतर व्हायच्या आत म्हणाला, “बंद करा.”

“का हो मामा?”

“माणसं राखेची दिसतात. चेंडू जोरात गेला की त्याला शेपूट फुटतं. पाय कुणाचा लागला ते कळत नाही.” त्याने डोळे चोळले. “टीव्हीचा दोष नाही. माझे डोळे संपले, निळे. ही शिट्टी पेटीत ठेव.”

तिने शिट्टी घेतली. जावई टीव्ही गुंडाळून निघून गेला. त्या दिवसापासून भाऊ कमी बोलू लागला. चहा पुढे केला तर पीत असे, नाही केला तर मागत नसे. तोंडावर पांघरूण ओढून पडून राही.

तीन दिवस तिने कळ काढली. चौथ्या दिवशी सुई आणि दोरा त्याच्या हातात दिला. “ओवून दे. मला दिसत नाही.”

त्याने पडल्या पडल्या पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि सुई परत दिली. ती सुईकडे बघत राहिली. मग खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. “त्या गच्चीवर काय वाळत घातलंय?”

“तीन सदरे. एकाला बाही नाही. मला काय परीक्षेला बसवतेस?”

“बरं, पड,” ती म्हणाली आणि मागे गेली.

पिंपात त्या दिवशी धूपछाव कापड होतं, समोरून जांभळं आणि बाजूने तांबूस दिसणारं. काठीने ते वर उचललं, आणि पाणी निथळताना रंग पालटला. असं कापड तिने शंभरदा रंगवलं असेल. पण त्या दिवशी काठी तिच्या हातात तशीच राहिली. जावई समोर बसला होता. त्याला पानं मोजता येत होती. भाऊ बाजूला आणि खाली होता. दोघांनी एकच चित्र बघितलंच नव्हतं.

तिने हात पुसले, सुतळी घेतली आणि पुढच्या खोलीत गेली. उशीपासून कपाटापर्यंत सुतळी ताणली, गाठ मारली. उशीपासून जमिनीपर्यंत दुसरी गाठ. कपाटाची उंची, तिसरी. पलंगाच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत, चौथी.

पांघरुणाखालून आवाज आला. “माझं माप घेतेस? अजून आहे मी.”

“तुझं माप देवाने आधीच चुकवलंय,” ती म्हणाली. “मी खोलीचं घेतेय.”

जावयाला घेऊन ती गेली ते दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. आत इतके दिवे की सावलीला उभं राहायला जागा नव्हती. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच मासे एकाच लयीत पोहत होते. विक्रेता चष्म्याचा, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा होता. जावई त्याला बघून सुखावला. सासूबाईंच्या तोंडाला तोंड देणारा माणूस हवाच होता.

“दोन जाती आहेत,” विक्रेता म्हणाला. “हा एलसीडी. याच्या पाठीत दिवा असतो आणि पुढे लाखो बारीक झडपा. झडप उघडेल तसा उजेड बाहेर येतो. हा कोपऱ्यातला प्लाझ्मा. याच्यात पाठीमागे दिवा नाही, प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो.”

तिने दोन्ही बघितले. एलसीडीवरचे मासे झळझळत होते. प्लाझ्मावरचे मळकट दिसत होते, दुसऱ्या धुण्यात उतरलेल्या रंगासारखे, आणि त्याच्या काचेत दुकानाचं अख्खं दार दिसत होतं. तिच्या सरावलेल्या डोळ्याने निकाल देऊन टाकला. हा नको. तसं बोलायला तिने तोंडही उघडलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षं लोकांना दुकानाच्या उजेडावर जाऊ नका म्हणून पिटाळलं, आणि आज स्वतः दुकानाच्या उजेडात उभी राहून रंग ठरवत होती.

“हे वरचे दिवे घालवा,” ती म्हणाली.

“सगळे?”

“एवढ्या कोपऱ्यातले. आणि मासे काढा. फुटबॉल लावा. पळणारी माणसं पाहिजेत.”

विक्रेत्याने जावयाकडे बघितलं. जावयाने छताकडे बघितलं. दिवे गेले, सामना लागला, आणि कोपऱ्यातला मळकट टीव्ही हळूच जागा झाला. काळं खरंच काळं झालं. तिने मान हलवली, पण हो म्हणाली नाही. पिशवीतून सुतळी काढली.

पहिल्या गाठीने टीव्हीपासून अंतर धरलं. चौथीने बाजूचा तिरपा कोन साधला. टीव्ही कपाटाच्या उंचीएवढ्या फळीवर ठेवायला लावले, दोन्ही, शेजारी शेजारी. मग दुसऱ्या गाठीएवढी उंची होईपर्यंत रिकामे खोके एकावर एक रचले, त्यावर पुठ्ठा टाकला आणि भर दुकानात डाव्या कुशीवर आडवी झाली.

“आई,” जावई हळू आवाजात म्हणाला, “लोक बघतायत.”

“बघू देत. त्यांनाही टीव्हीच घ्यायचाय.”

तिथून तिला ते दिसलं. एलसीडीवरच्या खेळाडूंच्या तोंडांवर कुणी चुन्याची निवळी फिरवल्यासारखं झालं होतं. लाल सदरा विटकरी, हिरवं मैदान करडं. चेंडू उडाला, आणि त्याच्यामागे फिकट शेपूट ओढलं गेलं. शेजारी प्लाझ्मावर तोच चेंडू गोल होता, तोच सदरा लाल होता, अगदी समोरून दिसला तसा. तिने एकदा डोळे मिटले. राखेची माणसं. भावाने सांगितलेलं शब्दाला शब्द खरं होतं. त्याचे डोळे संपले नव्हते, बाजूने बघितलं की टीव्हीच विटत होता.

ती उठली आणि विक्रेत्याला म्हणाली, “तुम्ही झोपा.”

“मी?”

“किती वर्षं विकताय?”

“टीव्ही? बावीस.”

“एकदा झोपून बघा.”

त्याने चष्मा सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि खोक्यांवर आडवा झाला. खोके कुरकुरले. बराच वेळ तो उठलाच नाही. “इथून कधी बघितला नव्हता,” एवढंच म्हणाला. मग प्रामाणिक माणसासारखा बसता होऊन बोलला, “पण मावशी, दोष दोघांत आहेत. हा प्लाझ्मा जड आहे. तापतो. वीज जास्त खातो. खिडकी समोर असेल तर काचेत खिडकी दिसते. आणि एकच चित्र फार वेळ थांबलं तर त्याची खूण राहते.”

“खूण कच्ची की पक्की?”

“थोडा वेळ थांबलं तर कच्ची, आपोआप जाते. महिनोन्महिने तेच ठेवलंत तर पक्की.”

तिने आपली नखं त्याच्यापुढे धरली. “ते मला कळतं.”

“आई, आता प्लाझ्मा कुणी घेत नाही,” जावयाने शेवटचा प्रयत्न केला. “सगळीकडे एलसीडी आहे. आमच्याकडेही.”

“तुमचा चांगलाच आहे, जावईबापू. तुमची खोली उजेडाची, तुम्ही समोर बसता. तुमच्या घरात मी तोच लावला असता.” मग विक्रेत्याकडे वळली. “हा बांधा. आणि उद्या सकाळपर्यंत आणू नका. मला खिडकीचं बघायचंय.”

खिडकीचं तिने संध्याकाळपर्यंत बघितलं. जाड कापड काढलं. काळं रंगवणं सोपं होतं, पण काळ्या पडद्याने खोलीचं तळघर झालं असतं आणि भावाची गच्ची गेली असती. म्हणून पडदा दोन भागांत केला. पायगतीकडचा अर्धा, जो काचेत दिसला असता, तो गडद शेवाळी, दोनदा बुडवलेला. उशाकडचा अर्धा कोराच ठेवला. प्रत्येक ओला तुकडा तिने खिडकीशी नेऊन धरला. तिसरा पसंत पडला. मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणि परत, अशा तिच्या खेपा भाऊ पांघरुणाच्या फटीतून बघत होता.

दुसऱ्या दिवशी दोन माणसांनी टीव्ही आणला. कपाट त्या वजनाखाली कण्हलं. जावयाने मध्ये एक फळी ठोकली आणि वर, “मी म्हटलंच होतं जड आहे,” हेही ठोकलं.

“कुणासाठी हा खटाटोप?” भाऊ पांघरुणातूनच म्हणाला. “मला दिसत नाही, सांगितलंय ना.”

“तुझ्यासाठी कोण म्हणालं? मी एकटी बघणार आहे. घर माझंही आहे.”

स्पर्धेचा पहिला सामना दुपारचा होता. तिने पडदा ओढला, टीव्ही लावला, आवाज मोठा ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेवर बसली. फुटबॉल तिला मुळीच कळत नव्हता. ती सदऱ्यांचे रंग बघत होती. पिवळा बरा पक्का होता, निळ्यात थोडी हिरवट झाक होती, पण ती कपड्यातच असावी.

वीस मिनिटं गेली. पाठीमागे पांघरूण सरकल्याचा आवाज झाला. तिने वळून बघितलं नाही. जावई काही बोलायला गेला, तिने निळं बोट ओठांवर ठेवलं.

चेंडू उजवीकडून आत आला, पिवळ्या सदऱ्याच्या एका माणसाने तो जाळीत मारला. लोक ओरडले, समालोचक ओरडला, जावयाने टाळी वाजवली.

“कसला गोल,” मागून आवाज आला. कोरडा, मैदानावरचा. “ऑफसाइड. पास निघाला तेव्हा तो बचाववाल्यांच्या पुढे होता. अर्ध्या पावलाने.”

“मामा, रेषेवरच्या पंचाने निशाण वर केलं नाही.”

“त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये माणूस होता. मला दिसतंय इथून. त्या पिवळ्याचा डावा बूट बघा.”

पडद्यावर तेच क्षण सावकाश फिरले. पिवळ्याचा डावा बूट अर्धं पाऊल पुढे होता. जावई खुर्चीत ताठ झाला. निळी मावशी बुटाकडे बघत नव्हती. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. पांघरूण छातीपर्यंत आलं होतं आणि डोळे ताणलेले नव्हते.

त्याचा हात उशाशी चाचपडला. उशीखाली गेला, बाहेर आला, पलंगाच्या कडेवर फिरला.

“निळे,” तो रागावून म्हणाला, “शिट्टी कुठे ठेवलीस?”

तिने ती एप्रनच्या खिशातून काढली. पेटीत ती गेलीच नव्हती.