पूरवाडीतले दोन ओ

शहापूरपासून मुरबाडपर्यंत अशी एकही पाटी उरली नसेल, जिला माझ्या मोठ्या साडूंनी नापास केलेलं नाही. एकही! लोक गाडीत बसले की डुलक्या काढतात, डोंगर बघतात. आमचे साडू पेपर तपासतात. जन्मभर भातसानगरला सरकारी नोकरीत टायपिंग केलं. निवृत्तीनंतर मशीन सुटलं, पण दुसऱ्याच्या चुका काही सुटल्या नाहीत. बोलतात अस्सल आमच्याकडचं, 'नाय' आणि 'आमी'. पण इंग्रजीचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की अंगाचा नुसता भडका!

एकदा मला हौसेनं हॉटेलात जेवायला नेलं. मेनूकार्डात 'चिकन'च्या स्पेलिंगचं 'किचन' झालेलं. झालं! वेटरला म्हणाले, "एक हाफ किचन आन. शेगडी नको घालूस, आमच्या साडूंना पचत नाय." वेटर माझ्याकडे बघतोय, मी पाण्याच्या ग्लासात बघतोय. किराणा दुकानात 'शुद्ध' तुपाची पाटी, त्यातलं शुद्ध तेवढं अवतरणचिन्हात. यांनी मालकालाच गाठलं, "ह्या शुद्ध हाय, का कोनी म्हनलंय म्हनून लिवलाय?" श्रद्धांजलीच्या बॅनरवर तीन उद्गारचिन्हं दिसली, तर भर चौकात ओरडले, "अरे, मेल्याचा आनंद झालाय काय तुमाला?" त्या दिवशी मार खाता खाता वाचलो आम्ही. कुणी 'सकाळी मॉर्निंग वॉकला जातो' म्हणालं, की हे विचारणार, "मंग संध्याकाळच्या मॉर्निंग वॉकला कोन जातो?" सांगा, अशा माणसाबरोबर चारचौघांत जायचं कसं?

पण पूरवाडीच्या पाटीसमोर मात्र ते वेगळेच दिसले. नदीच्या पुरात घरं गेली, म्हणून माणसं वर माळावर येऊन राहिली, ती पूरवाडी. मुरबाडला माझ्याकडे येताना रस्त्यात फाटा लागतो. तिथे गावाच्या नावाची नवी निळी पाटी लागली होती, इंग्रजीत. साडूंनी गाडी थांबवली आणि टुणकन उतरले. "पी, डबल ओ, आर! अवो साडू, ह्यांनी पुअर लिवलाय, पुअर!" एवढ्या जोरात, की लाकडाची मोळी घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"पुअर म्हंजे काय वो?" तिनं विचारलं.

"गरीब," साडू म्हणाले.

बाईनं मोळी खाली टाकली. तिची मुलगी संगीता अकरावीला होती, शहापूरच्या कॉलेजात. कॉलेजला जाणारी जीप फाट्यावर थांबली की आतली पोरं पाटी वाचून ओरडायची, "चला, पुअर आली!" चार दिवस पोर घरात बसून होती. कॉलेजला जायचंच नाही म्हणत होती. "मला वाटला, तिचाच कायतरी चुकला असल," बाई म्हणाली. "गरीब हावच आमी. पन कोनाला सांगायचा, ते आमी सांगू. पाटीनं कशाला सांगावा?"

तेव्हापासून माणूस पेटला. पाटी लावणाऱ्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात तीन अर्ज दिले, एकाही स्वल्पविरामाला बोट लावता येणार नाही असे. तिथून एकच उत्तर, "बघतो." शेवटी म्हणाले, "साडू, रविवारी स्टूल घ्या. निला आनि पांडरा रंग मी आनतो."

आता मलाही खोड काढायची संधी होती. म्हटलं, "पण भाऊ, 'पू' दीर्घ आहे. डबल ओ नियमात बसतो की!"

ते थबकले. नियमात बसत होता, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. "नियम गेला चुलीत," म्हणाले. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना!

रविवारी सगळी वाडी जमली. साडू स्टुलावर, मी स्टूल धरून. दोन्ही ओंची डोकी निळ्यानं उडवली, मधल्या भिंती पाडल्या, तळ पांढऱ्यानं जोडला. झाला यू! लोकांनी टाळ्या वाजवल्या. संगीता बारकाईनं बघत म्हणाली, "काका, यू लय जाडा झाला." "असू दे," साडू वरून ओरडले, "खात्यापित्या घरचा हाय!" तेव्हा ती पहिल्यांदा हसली. सोमवारी जीपमध्ये पोरं पुन्हा ओरडली, तर तिनं पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "वाच नीट!" ती कॉलेजला गेली ती गेलीच.

रंग मात्र स्वस्तातला. दर पावसाळ्यात निळा धुपतो आणि ते दोन ओ खालून पुन्हा वर येतात. दसऱ्याच्या सुमारास मला फोन येतो, "साडू, चला." या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांना वर चढवेना. ब्रश माझ्या हातात आला. मी जरा कुरकुरलोच. म्हटलं, "भाऊ, संगीता आता नाशिकला नर्सिंगला आहे. पोरंही सगळी पांगली. कोण वाचतंय ही पाटी?"

"तिची आय वाचते," खाली स्टूल धरून ते हळूच म्हणाले. "रोज मोली घेऊन जाताना थांबून वाचते. पोरीनं शिकवला तिला. येवडाच येतो वाचता."

मी ब्रश रंगात बुडवला.