वायरीवरचा बत्ता

लॅपटॉपचा चार्जर गेल्या आठवड्यात एका सकाळी हट्टालाच पेटला. प्लग बदलून पाहिला, पिन पुसली, फुंकरही मारली. शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वायर जरा डावीकडे वाकवली, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. हात सोडला की विझायचा. समोर मटार सोलत बसलेले बाबा म्हणाले, "हलू नकोस गं," आणि त्यांनी खलातला बत्ता आणून वायरीवर आडवा ठेवला. दिवा टिकला.

एरवी मी खोलीचं दार लावून काम करते. नवा चार्जर येईपर्यंत मात्र बाबांसमोरच बसले. चहासाठी आलं ठेचायला त्यांनी बत्ता उचलला की दिवा विझायचा, आणि म्हाताऱ्या बॅटरीचा लॅपटॉपही लगेच मान टाकायचा. मग चहा होईपर्यंत आम्ही गप्पा मारायचो. बिघडलेल्या वस्तू माणसाला हवं तिथं बसू देत नाहीत, हे किती बरं!

आज नवा चार्जर आला. तो कुठंही चालतो. तरी मी टेबलापाशीच बसले. दुपारी बाबांनी आलं ठेचायला घेतलं. हिरवा दिवा जळतच होता. मी लॅपटॉप मिटला.