कानसेनांचा सायलेन्सर

गेलं वर्षभर आमच्या पलंगाखाली मोटरसायकलचे सायलेन्सर राहत होते. लोक पलंगाखाली ट्रंका ठेवतात, जुन्या गाद्या ठेवतात, फार तर धूळ ठेवतात. आमच्याकडे नळकांडी. एक आखूड आणि जाडजूड, एक लांब आणि मागे तिरकं कापलेलं, आणि एक मूळचं, गाडीबरोबर आलेलं, ते माझ्या चांगल्या चादरीत गुंडाळलेलं. त्यातलं जे गाडीवर चढलेलं नसेल ते पलंगाखाली. केर काढताना झाडू आपटला की ठण्ण वाजायचं. मी मुद्दाम आपटायचे. पण समोर खुर्चीत बसलेल्या माणसाची मान पेपरातून वर होईल तर शपथ.

हा माणूस म्हणजे माझा नवरा. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये फोरमन. उभी नोकरी त्यांनी मोठमोठ्या पंपांच्या धडधडीत काढली आणि त्या धडधडीतून नेमकं काय ऐकायचं ते त्यांना कळायचं. दारात पाऊल टाकताक्षणी म्हणायचे, "तीन नंबरचं बेअरिंग जाणार." लोक हसायचे, आणि बेअरिंग जायचं. मग तिथले सगळे त्यांना कानसेन म्हणायला लागले. यांना ते नाव फार आवडायचं. घरात बोलणं मोजकंच, पण जे बोलतील ते पंपाच्या वरताण. जेवताना "मीठ दे" म्हणाले तर शेजारीण मीठ घेऊन दारात उभी राहील, असा आवाज.

मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. कापडाचे थरावर थर रचायचे आणि जड कात्रीनं कापत जायचं. आजूबाजूला शिलाई मशिनींचा असा गलका, की तिथे कुणाशी बोलायची सोय नाही. घरी आल्यावर हे असे मुखदुर्बळ. मग आम्ही बोलायचो कुठे? तर मोटरसायकलवर. लांब पल्ल्याची, जडशीळ गाडी आहे, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. दरवर्षी रजा काढून आम्ही दोघं तिच्यावरून दूरवर जातो. मी मागे बसून हनुवटी यांच्या उजव्या खांद्याशी नेते आणि सुरू होते. हे हेल्मेटची काच बोटभर वर करतात. "हं." "बरं." "चुकतंय तुझं." घरी ज्यांच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागतो ते रस्त्यावर चक्क माझ्याशी भांडतात. लेकीचं लग्न तिथेच ठरलं, घर घ्यायचं तिथेच ठरलं. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय तासाला साठच्या वेगानं झालेले आहेत.

मागच्या वर्षीही मी एक गोष्ट अशीच रस्त्यासाठी राखून ठेवली होती. माझा उजवा अंगठा कामातून चालला होता. सकाळी कात्री धरली की मनगटापर्यंत कळ जायची. परतीच्या वाटेवर, नदीवरच्या लांब पुलाच्या अलीकडे, गुळगुळीत रस्ता लागला तेव्हा मी विचारलं, "अहो, अंगठ्याला आता कात्री पेलवत नाही. मी काम सोडू का?"

पूल आला, पूल गेला. साधं "हं" सुद्धा नाही.

मी एकदाच विचारते. माझा स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही. उत्तर आलं नाही म्हणजे उत्तर "नको" असं आहे, हे मी समजून घेतलं आणि घरी येईपर्यंत तोंडाला कुलूप लावलं. रजा संपल्यावर अंगठ्याला चिंधी गुंडाळून कामावर हजर झाले. रोज कापड कापताना मनात यांनाही थोडंथोडं कापत होते.

आणि यांना काय पडलं होतं? तर गाडीचं! आल्या संध्याकाळी पेट्या उतरवल्या आणि कमरेवर हात ठेवून गाडीपुढे उभे राहिले. म्हणाले, "पुलाच्या अलीकडेच लक्षात आलं माझ्या. गाडीत दम राहिला नाही. बोलेनाशी झालीये." बायको बोलेनाशी झालीये ते दिसलं नाही, गाडी बोलेनाशी झालेली बरी दिसली.

आमच्या गाडीचा मिस्त्री चौकापलीकडे बसतो. सगळे त्याला मामा म्हणतात, त्याच्याहून म्हातारे लोकसुद्धा. मामानं गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि म्हणाला, "साहेब, इंजिन एक नंबर आहे. हात लावायची गरज नाही."

"तू नीट ऐक तरी. सगळा आवाज दबलाय."

"टुरिंगची गाडी आहे, आवाज दबलेलाच असतो."

"आवाज दबला म्हणजे दम दबला. धूर मोकळा बाहेर पडायला हवा. सायलेन्सर मोकळा कर."

मामानं डोकं खाजवलं. मग आतली जाळी काढली. गाडी जरा खाकरल्यासारखी वाजू लागली. हे आठवडाभर खूश. मग पुन्हा सुरू, "अजून मोकळा हवा." मग तो आखूड, जाडजूड आला. त्यानं गाडी अशी भुंकायला लागली की आमच्या गल्लीतली कुत्री आपापसातली भांडणं विसरली. धूर मोकळा झाला तसं आतलं पेट्रोल कमी पडायला लागलं, प्लग पांढराफटक निघाला, गॅसची मूठ सोडली की मागून फटाफट बार. मग कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदला. तो बदलला की पेट्रोल जास्त, प्लग काळाकुट्ट. मग परत खोला. मामाच्या दुकानाच्या फळीवर बसून बसून मला तिथली सगळी हत्यारं नावानिशी पाठ झाली. घरी यांच्या अंगाला जळक्या तेलाचा वास, दारात यांच्याशी बोलायला टपलेले शेजारी, आणि त्या सगळ्यांची समजूत काढायला मी. "जरा काम चाललंय हो गाडीचं." तोंड दुखलं माझं सांगून सांगून.

तिरकं कापलेलं नळकांडं बसलं त्या रविवारी हे म्हणाले, "चल, घाट चढून बघू. पेट्या भरून, दोघं बसून." म्हटलं, चला. निदान चार शब्द तरी बोलता येतील. कुठले बोलता येतायत! कानाशी कुणी पत्रा बडवतंय असा आवाज. मी हेल्मेटमध्ये काय बोलतेय ते मलाच ऐकू येईना. आणि पहिल्याच मोठ्या चढाला, वळणावर, गाडीनं मान टाकली. आवाज आभाळ फाडणारा, ओढ मात्र शून्य. हे दुसरा गिअर टाकतायत, पहिला टाकतायत. मागून एक म्हातारा स्कूटरवर दोन पोती लादून आला, आमच्याकडे सहानुभूतीनं बघत पुढे निघून गेला.

वर पोचल्यावर मी हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "पोती पुढे गेली आपल्या."

हे हसले. इतके खुशीत होते की बघवेना. म्हणाले, "पण आवाज ऐकलास? जुना दम आला की नाही?"

मला रडू यायचंच बाकी होतं. पोत्यांनी हरवलेला माणूस मला दम दाखवतोय! यंदाच्या रजेचा महिना तोंडावर आला होता, आणि असल्या गाडीवर मागे बसून मी एक अक्षर बोलू शकणार नव्हते. मी सरळ जाहीर केलं, मूळचा सायलेन्सर लागला तरच मी येणार. नाहीतर पेट्या घेऊन एकटे जा.

मामाला माझ्याहून जास्त आनंद झाला. चादरीतला मूळचा सायलेन्सर त्यानं बसवला, जेट पहिल्यासारखा केला, स्टँडवर लावून गाडी सुरू केली आणि हात पुसत बाजूला झाला. गाडी कशी छान, खालच्या सुरात चालू होती. मांजर मांडीवर बसल्यावर करतं तसं. किती दिवसांनी मला रस्त्यावरची पाखरं ऐकू आली.

हे पलीकडे उभे होते. थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "अरे, कर की चालू."

मामानं माझ्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. तेवढ्यात यांनीच वाकून स्टार्टरचं बटण दाबलं.

चालू इंजिनावर स्टार्टर दाबला की दातांवर दात घासल्यासारखा जो काही करकराट होतो, तो नवशिका पोरगासुद्धा दुसऱ्यांदा करत नाही. मामानं डोळे मिटून घेतले. तो करकराट मात्र यांनी ऐकला. झटकन हात मागे घेतला. मीटरच्या हलत्या काट्याकडे पाहिलं. मग हळूच टाकीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. त्या तळव्याला जे कळलं ते यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. दारातून बेअरिंग ओळखणारा माझा नवरा, त्याला चालू गाडी हातानं चाचपून बघावी लागत होती. माझा वर्षभराचा राग एका क्षणात कुठे गेला कळेना.

पण हे! हे म्हणाले, "स्टार्टरच्या वायरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. मामा, बघून घे."

म्हणजे परत सगळं पहिल्यापासून. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की हे चपला घालून बाहेर. "माझ्या कानांना काय झालंय? कानसेन म्हणतात मला." मी समजावलं, भांडले, अबोला धरला. अबोल्याचा तर काही उपयोगच नव्हता, तो यांच्या लक्षातच येईना! शेवटी लेकीनं दूरवरून येऊन, हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की पंपांनी कान खाल्ले आहेत. जाड आवाज थोडेफार पोचतात, बारीक आवाज आधी जातात. "बायकांचे आवाज सगळ्यात आधी," बाई म्हणाल्या. नवऱ्याला बायकोचं ऐकू न येणं हा आजारही असू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तो स्वभाव समजत होते.

कानात घालायचं यंत्र मिळालं. आता मार्गी लागलं म्हणावं, तर ते हेल्मेट चढवलं की शिट्टी मारतं. म्हणजे घरी, जिथे हे बोलत नाहीत, तिथे ऐकू येणार. आणि रस्त्यावर, जिथे बोलतात, तिथे यंत्र खिशात. मी कपाळावर हात मारून घेतला.

तरी निघालो. मूळच्या सायलेन्सरवर. गाडीनं घाट असा चढला की पोती वाहणारा म्हातारा भेटायला हवा होता असं वाटलं. मी हनुवटी खांद्याशी नेली, सवयीनं दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले. कुणाला सांगायचं? पुढे जॅकेट घातलेली पाठ. यांनी सवयीनं काच बोटभर वर केली, थोडा वेळ तशीच ठेवली, मग खाली केली. ते बघून मला इतकं एकटं वाटलं, की पाठीवर डोकं टेकून मी समोरचा रस्ता बघायचंच सोडून दिलं.

पूल ओलांडून पुढे एक चहाची टपरी आहे. तिथे थांबलो. यांनी हेल्मेट काढलं, खिशातून यंत्र काढून कानात बसवलं, खुर्ची माझ्या अगदी समोर ओढली आणि म्हणाले, "हं. काय सांगत होतीस? पहिल्यापासून सांग."

"काही नाही."

"मघाशी हनुवटी लागली होती खांद्याला. सांग."

मी दुसऱ्यांदा विचारत नाही. पण या माणसानं पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं, मग हे दुसऱ्यांदा कसं होईल? मी चिंधी सोडून अंगठा टेबलावर ठेवला. सांध्याशी तो कांद्यासारखा सुजला होता. म्हटलं, "याला कात्री पेलवत नाही. काम सोडू का?"

हे अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलले होते!" मी म्हटलं. "मागच्या वर्षी. परत येताना. या पुलाच्या अलीकडे."

"मग मी काय म्हणालो?"

"काहीच नाही."

यांनी मान वळवून पुलाकडे पाहिलं. चहावर साय धरली.

"तिथेच तर मला वाटलं होतं," हे म्हणाले, "की गाडी बोलायची थांबली."

यांनी माझा अंगठा दोन्ही तळव्यांत घेतला, त्या दिवशी मामाच्या दुकानात टाकीवर हात ठेवून गाडी चालू असल्याची खात्री करत होते तसाच, आणि पंपहाउसच्या आवाजात म्हणाले, "सोडून दे! उद्याच्या उद्या सोडून दे!"

टपरीवरची सगळी माणसं दचकून आमच्याकडे बघायला लागली. एका बाईनं तर माझा हात सोडवायला यावं की काय, अशा बेतानं कप खाली ठेवला.

"ओरडू नका हो," मी डोळे पुसत म्हटलं. "मला ऐकू येतंय."